भिकूच्या श्वासाची सावड

सोमवार, ४ जुलै १९६६

भिकूला पिशवीवर ठेवलं आहे. म्हणजे काय, ते मला तिथं तासभर उभं राहिल्यावर कळलं.

माझा भाचा, सात महिन्यांचा. हृदयाजवळची एक बारीक नळी जन्मल्यावर आपोआप मिटते म्हणे. याची मिटलीच नाही. शनिवारी पुण्याच्या हॉस्पिटलात डॉ. मेहेंदळ्यांनी ती बांधून टाकली. ऑपरेशन उत्तम झालं — असं ते तीनदा म्हणाले. पण फुफ्फुसं थकलेली. गडी स्वतःहून श्वास घेईना. मग गळ्याला भोक पाडून त्यात नळी, नळीला रबरी पाइप, पाइपाच्या टोकाला काळी रबरी पिशवी. पिशवी दाबली की छाती वर येते, सोडली की खाली जाते. हे अष्टौप्रहर. श्वासाचं यंत्र एकच, तेही मोठ्या माणसाच्या मापाचं. नर्सा चार, पेशंट चाळीस. "घरची माणसं आणा," डॉक्टर म्हणाले, "मी शिकवतो."

रत्नीची — माझ्या बहिणीची — आधीची दोन मुलं गेली, तेव्हा हा झाला. म्हणून नाव भिकू. असलं नाव ठेवलं की वरच्याचं लक्ष जात नाही म्हणे. मी शाळामास्तर असूनही बारशाला गप्प बसलो होतो. आजही बसेन.

मंगळवार, ५ जुलै. कासार आंबोली

शाळेत सात मुलं. बाकीची चिखलात. ऐन आवणीत, भातलावणीच्या घाईत, कुणाला पाढे शिकवू? मधल्या सुट्टीत रत्नीचे सासरे हैबतराव आले. दारातूनच म्हणाले, "गुरुजी, कागूद घ्या. सावड घालायची हाय."

मला वाटलं, खाचराची. "खाचराची न्हाई. पोराची."

सावडीवर तर आमच्याकडचा भात उभा आहे. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात रोपं लावायची, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं, एवढंच. आणि सावडीला येऊन जो हात बांधून उभा राहील, त्याला वर्षभर गावात तोंड दाखवायला जागा नाही. हैबतरावांचा हिशेब सरळ होता — चिखलणी उरकली आहे, आता लावायला बायका लागतात. पुरुष रिकामे. रोज सहा पुरुष पहिल्या एस.टी.नं पुण्याला पाठवायचे, भाताऐवजी पिशवीवर.

मी वेळापत्रक आखलं. दोन-दोन तासांची पाळी. संध्याकाळपर्यंत बावीस नावं झाली, भांडणं दोन. एक — आमचं नाव गेणबाच्या खाली का? दुसरं — गेणबाचं नाव मुळात का?

बुधवार, ६ जुलै

पहिली तुकडी घेऊन मीच गेलो. किरकोळ रजा टाकली.

सहा जणांची सहा इरली वॉर्डात निथळत होती. एक तर कुणीतरी सलाइनच्या दांडीला अडकवलं. जया सिस्टर कमरेवर हात देऊन उभ्या. "हे काय आहे?"

कोंडिबा लोहार म्हणाला, "पावसाचं हाय, बाई."

"वॉर्डात पाऊस पडतो का?"

कोंडिबानं मान वर करून छत नीट पाहून घेतलं. म्हणाला, "अजून तरी न्हाई."

बाई हसल्या नाहीत. पण इरली व्हरांड्यात ठेवायला जागा दिली.

दुपारी कुशाबा — रत्नीचा नवरा — शिरस्त्याप्रमाणे सावडीच्या माणसांना जेवण घेऊन आला. भाकरी, पिठलं, कांदे. व्हरांड्यात पंगत बसली. शेजारच्या खाटांचे नातेवाईक बसले, झाडूवाला बसला. जया सिस्टरांना आग्रह झाला, त्या म्हणाल्या, "कांदा बंद करा, नाहीतर सगळ्यांना बाहेर काढीन." उद्यापासून कांदा बंद.

कोंडिबाला शिकवावंच लागलं नाही. पिशवी हातात घेतली, दोनदा दाबली, म्हणाला, "भाताच की ह्यो." जन्मभर भाता चालवलेला हात. डॉ. मेहेंदळे पाच मिनिटं नुसते बघत राहिले. "हा माणूस मला देऊन टाका," म्हणाले.

भिकूचे ओठ आज गुलाबी. चार दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवार, ८ जुलै

गेणबा! नांगराचा कासरा हातात धरून उभ्या उभ्या झोपणारा माणूस. दोन तास पापणी लवली नाही त्याची. पुढचा गडी आला तरी उठेना. "माजी पाळी सरली न्हाई," म्हणतो. घड्याळ दाखवलं तर म्हणतो, घड्याळ पुढं हाय. शेवटी दोघांनी काखेत हात घालून उचलला.

कुशाबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, ह्यो माणूस आमच्या खाचरात कदी वाकला न्हाई बगा."  

रविवार, १० जुलै

डॉक्टरांनी सगळ्यांना गोळा केलं. उद्यापासून भिकूला पिशवीवरून उतरवायचं. दर तासाला पिशवी थांबवायची — आधी मिनिटभर, मग दोन, मग पाच. तेवढा वेळ त्यानं स्वतः श्वास घ्यायचा. हळूहळू थांबणं वाढवायचं, की एक दिवस पिशवी लागणारच नाही.

"आणि घाई आहे," म्हणाले. "गळ्यात नळी जितके दिवस, तितकी छातीत पू होण्याची भीती. येत्या रविवारच्या आत ती निघाली पाहिजे. नाही निघाली तर मग माझ्या हातात फार काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हैबतराव म्हणाले, "तुमी म्हनशीला तसं."

सोमवार, ११ जुलै

डॉक्टरांनी स्वतः पिशवी थांबवून पाहिली. दीड मिनिट. ओठ निळे पडले. पुन्हा सुरू. रत्नी बाहेर जाऊन जिन्यावर बसली, तिला आणायला मी गेलो तर म्हणाली, "दादा, मला थांबवलेलं बघवत न्हाई."

मंगळवार, १२ जुलै

आज तक्ता पाहून जीव सुपाएवढा झाला. जया सिस्टर दर तासाला येतात, "थांबा" म्हणतात, चाळीस पेशंटांच्या मागे धावतात, पाच मिनिटांनी येऊन लिहितात — 'ठीक'. दहाला ठीक. अकराला ठीक. दुपारी आठ मिनिटं, ठीक. संध्याकाळी दहा मिनिटं, ठीक!

शेवटच्या एस.टी.नं गावी आलो आणि हैबतरावांना ओट्यावरूनच सांगितलं — परवा सुटतोय तुमचा नातू.

बुधवार, १३ जुलै

सुटतोय कसला!

डॉक्टर सकाळी तक्ता वाचून खूश झाले. त्यांनी स्वतः थांबवून पाहिलं — दोन मिनिटांत पुन्हा निळा. ते तक्त्याकडे बघतात, बाळाकडे बघतात, जया सिस्टरांकडे बघतात. "दहा मिनिटं ठीक कुणी लिहिलं?" बाईंचा चेहरा उतरला.

मला संशय आला. वीस वर्षं वर्गात काढलीत, कॉपी करणारं पोर मला पाठीमागून ओळखू येतं. पुढच्या वेळी मी दाराआड उभा राहिलो. सिस्टर आल्या. "थांबा." कोंडिबानं दोन्ही हात वर करून दाखवले. त्या गेल्या. कोंडिबानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पिशवी धोतराच्या सोग्याखाली घेतली, आणि दाबायला लागला. चेहरा असा, की देवळात बसलाय.

मग एकेकाला व्हरांड्यात घेतलं. गेणबा म्हणाला, "थांबलो व्हतो. निम्मा." दुसरा म्हणाला, सगळे दाबतात म्हणून मी दाबलं. कोंडिबानं तर मलाच विचारलं, "सावडीला येऊन हात बांधून बसू व्हय, गुरुजी? हैबतराव काय म्हनतील?"

हैबतराव काय म्हणतील ते कळलं. त्यांनीही आपल्या पाळीत दाबलं होतं.

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लेलं. डॉक्टरांनी स्वतः थांबवली तेवढी सोडली, तर सोमवारपासून पिशवी एक मिनिटही थांबलेली नाही. डॉक्टर संतापतील वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि कपाळ चोळत म्हणाले, "अहो, तुम्ही इतकं भरभरून देताय, की त्याला स्वतः घ्यायची गरजच वाटत नाही. श्वासाची थोडी तहान लागू द्या की त्याला."

दुपारी भिकूचं अंग गरम लागलं. नव्याण्णव. रविवार चार दिवसांवर.

गुरुवार, १४ जुलै

व्हरांड्यात सगळ्यांपुढे भाषण केलं. शिस्त, शास्त्र, डॉक्टरांचा शब्द. चांगलं झालं. गेणबाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हटलं, आता मी करून दाखवतो कसं थांबायचं ते. अकराची पाळी मी घेतली.

सिस्टर म्हणाल्या, "थांबा." मी थांबलो. भिकूची छाती खाली गेली. वर येईना. मग आली, एवढीशी. मग पुन्हा येईना. त्यानं माझ्याकडे पाहिलं — सात महिन्यांचं पोर, त्याला काय कळतंय, पण पाहिलं. ओठाची कड काळसर झाली. मी मनात आकडे मोजत होतो. एकोणतीसपर्यंत मोजले.

तिसावा मोजला नाही. पिशवी दाबली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सिस्टरांनी येऊन विचारलं, पाच मिनिटं झाली? मी हो म्हणालो. खोटं! दोन मुलं गेलेल्या बहिणीचं तिसरं पोर माझ्या हातात निळं पडताना मला बघायचं नव्हतं, बस. इथं लिहितो, कारण दुसरं कुणाला सांगायची लाज वाटते.

दुपारी साळूबाई आल्या. हैबतरावांच्या थोरल्या बहिणी, आवणीत बायकांच्या रांगेला पुढं असणाऱ्या. त्या खाचर सोडून आल्या म्हटल्यावर गावात काय चर्चा असेल ते कळलं. त्यांना म्हटलं, बसा, तुम्हालाही पाळी देतो. "मला नगं," म्हणाल्या. "म्या नुस्ती बसनार." आणि बाळाच्या उशाशी बसल्या. बावीस माणसं राबताहेत आणि या नुसत्या बसणार! म्हातारपणी माणूस हट्टी होतं ते असं.

आणि वर मलाच अक्कल शिकवली. "गुरुजी, रोप लावल्यावर चार दीस माना टाकतं. पिवळं पडतं. तवा त्येला कुनी हात लावत न्हाई. लावला की मेलं. आपलं आपन धरतं ते."

म्हटलं, आत्याबाई, हे पोर आहे, भात नव्हे.  मी निघालो तेव्हा जया सिस्टरांशी कुजबुजत होत्या. रत्नीही तिथंच होती.

ताप शंभर.

शुक्रवार, १५ जुलै

सकाळी गेलो तर नवीनच थाट. भिकूच्या खाटेभोवती पांढरा पडदा. गर्दीनं जंतू येतात म्हणून, जया सिस्टर म्हणाल्या. आत फक्त आई आणि साळूबाई. दाबणारा पडद्याच्या बाहेर स्टुलावर. पडद्याखालून पाइप येतो तेवढा. आतून सिस्टर किंवा साळूबाई म्हणणार "दाबा", "सोडा".

आणि दुसरी बातमी — थांबवायचं बंद! डॉक्टरांनी बेत बदलला आहे म्हणे. आता न थांबता दाबत राहायचं, एकही चुकवायचा नाही.

सगळ्यांचे चेहरे उजळले. कोंडिबा म्हणाला, "बगा गुरुजी, डाक्टरला बी पटलं." मी डॉक्टरांना गाठून विचारलं, परवा तर तुम्ही उलट सांगत होता? ते खोकले, म्हणाले, "वैद्यकात लवचीक राहावं लागतं, गुरुजी," आणि लगबगीनं निघून गेले. मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत. माझं मन मात्र हलकं झालं. आता खोटं बोलावं लागणार नाही.

माझी पाळी दोन ते चार. अशी दाबली, अशी दाबली, की मनगट भरून आलं. बाळ दिसत नाही, दिसतो पाइप, तर पाइपाशीच मनात बोलत होतो. घे रे बाबा. मामाचा घे. पाहिजे तेवढा घे.

शनिवार, १६ जुलै

ताप नव्याण्णवावर. कोंडिबा म्हणाला, "आज भाता हलका चाललाय." त्याच्या हाताला कळतं. जया सिस्टर पडद्याआडून म्हणाल्या, "फुफ्फुसं मोकळी झालीत ना, म्हणून." म्हणजे आपल्या दाबण्याचा गुण आला! तक्त्यावर स्वतः लिहावंसं वाटलं.

साळूबाई कालपासून उशाशी तशाच बसून आहेत, मांडीवर पदर पसरून. एकदाही पिशवीला हात लावलेला नाही. माणसानं बसावं तरी किती.

रविवार, १७ जुलै

नळी निघाली. वाचला!

दहा वाजता डॉक्टर आले, पडद्याआड गेले. बाहेर आम्ही नऊ जण. हैबतरावांनी टोपी काढून हातात घेतली होती. काही ऐकू येईना. मग आवाज आला — आधी घोगरा, फाटका, मग मोठा. भिकू रडत होता. गळ्यात नळी असली की पोराच्या तोंडून आवाज फुटत नाही, तो रडायचा तेही मुक्यानं. पंधरा दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. कुशाबा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गेणबा हमसाहमशी रडायला लागला, त्याला गप्प करता करता बाकीचे रडले. मीही. त्यात काय लपवायचं?

पडदा सरकवला तेव्हा रत्नी हसत होती. डॉक्टर आम्हा सगळ्यांशी हात मिळवत फिरले. म्हणाले, "तुमच्यासारखे नातेवाईक मी पाहिले नाहीत." कोंडिबानं त्यांना व्हरांड्यातलं एक इरलं भेट दिलं. त्यांनी ते डोक्यावर घालूनही पाहिलं.

मंगळवार, १९ जुलै. कासार आंबोली

गावात आता एकच विषय. भिकू जगला तो कुणाच्या श्वासावर? कोंडिबा म्हणतो, सुरुवात माझी. हैबतराव म्हणतात, खानदानाचा श्वास वेगळा. गेणबा चावडीवर सांगतोय की पोरगं रडलं ते हुबेहूब त्याच्या आवाजात. लवळ्याचे माझे चुलते एक पाळी देऊन गेले होते, तेही हक्क सांगून गेले.

मी वाद मिटवला. म्हटलं, शुक्रवार-शनिवार निर्णायक होते, तक्ता बघा. आणि शुक्रवारी दोन ते चार कुणाची पाळी होती, तेही बघा.  आज तिसरी-चौथीच्या मुलांना 'सावड' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. नमुना म्हणून फळ्यावर माझ्या लिहिल्या.

गुरुवार, २१ जुलै

हैबतरावांच्या खाचरात आवणी. आवर्जून गेलो. साळूबाईंच्या शेजारी वाकलो आणि थट्टेनं म्हटलं, "आत्याबाई, सगळ्या गावानं भिकूला श्वास दिला, तुमचाच तेवढा राहिला."

त्यांनी हात थांबवला नाही. "शुक्करवारपासनं पिशवीचा पाइप पोराच्या गळ्यातल्या नळीला नव्हताच, गुरुजी. माज्या पदराखाली व्हता. सिस्टरीला म्हनलं, ह्या बाप्यांचे हात काय थांबायचे न्हाईत, त्यांना दाबू द्या, पोराला सोडा. डाक्टर हसला नि व्हय म्हनला."

"आणि रत्नी?"

"तिनंच पाइप काडला. तुमाला न्हाई थांबवता आलं, तिला आलं."

मी चिखलात तसाच उभा. शुक्रवारचे दोन ते चार डोळ्यांपुढून गेले.

"सगळ्यांत जोरात तुमीच दाबत व्हता," साळूबाई पुढचं रोप रोवत म्हणाल्या. "पदर नुस्ता उडत व्हता माजा."

गावात कुणाला सांगणार नाही. मलाही सांगायला नको होतं.